पूजेतला बोर्ड

एकतीस वर्षं मी खोपोलीजवळच्या एका तंत्रनिकेतनात, इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. पदाचं नाव प्रयोगशाळा सहायक. शिकवायचं काम प्राध्यापकांचं, आणि शिकवलेलं प्रत्यक्षात का चालत नाही ते शोधायचं काम माझं. शेवटच्या दहा-बारा वर्षांत मी जे वाक्य सर्वांत जास्त वेळा ऐकलं ते असं: "मॅडम, कॉम्प्युटर बोर्ड घेत नाय."

बोर्ड म्हणजे काय ते आधी सांगते, कारण माझ्या बहिणीला अजून वाटतं की मी एकतीस वर्षं शाळेचे फळे दुरुस्त करत होते. पत्त्याच्या कॅटाएवढी निळी पट्टी असते. तिच्यावर एक काळी चिप बसवलेली असते, तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. हे एक लहानसं डोकं आहे. त्याला एक काम समजावून सांगायचं, की ते न कुरकुरता जन्मभर तेवढंच करत राहतं. ऊब कमी झाली की बल्ब लाव, पाणी वाढलं की दिवा लाव. हे समजावण्यासाठी बोर्ड केबलने संगणकाला जोडतात. एकदा सांगून झालं की केबल काढली तरी चालते. पण संगणकाने बोर्डाला ओळखच दिली नाही, तर सांगणार कसं आणि ऐकणार कोण?

माझी तपासणी ठरलेली होती. आधी केबल, मग संगणकाची केबल लावायची खाच, मग ड्रायव्हर, मग दुसरा संगणक. बोर्डाला दोष सर्वांत शेवटी. मुलं उलटं करतात. बोर्ड दिसला नाही की पहिल्यांदा बोर्ड जळाला म्हणतात, आणि घरचं माणूस गेल्यासारखी तोंडं करून उभी राहतात.

दहातल्या सात वेळा दोष केबलचा निघायचा. केबलच्या आत चार तारा असतात. दोन वीज नेतात, दोन निरोप नेतात. मोबाइलच्या चार्जरबरोबर येणाऱ्या स्वस्तातल्या केबलमध्ये निरोपाच्या तारा घातलेल्याच नसतात. बोर्डावरचा दिवा लागतो, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं, पण संगणकाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून मी चांगल्या केबलींना लाल दोरा बांधून ठेवायचे. मुलं मला मागून 'केबलवाली बाई' म्हणत, ते मला ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

एकदा चौक गावाच्या बाजूचे एक पोल्ट्रीवाले बोर्ड टॉवेलात गुंडाळून मोटारसायकलवरून घेऊन आले. अंडी उबवायच्या मशीनवर पुतण्याने व्हिडिओ बघून तो बसवला होता. "मॅडम, ह्यो बहिरा हाय. तीन केबली बदलल्या," म्हणाले. तिन्ही केबली मोबाइलच्या. मी लाल दोऱ्याची केबल लावली, संगणक 'टुंग' वाजला, काम संपलं. गृहस्थांचा चेहरा पडला. "एवढंच?" एवढ्या लांब आल्यावर दुखणं जरा मोठं निघावं अशी त्यांची अपेक्षा होती. पुढच्या महिन्यात ते आभार म्हणून जिवंत कोंबडी घेऊन आले. मी शाकाहारी. आमचे शिपाई भोईर मामा यांनी तो प्रश्न मला न विचारता परस्पर सोडवला.

आणखी एकदा आमच्या विभागप्रमुखांनी नव्या बोर्डांची पेटीच्या पेटी खराब आहे म्हणून परत पाठवायचं पत्र तयार केलं होतं. बोर्ड उत्तम होते. त्यांच्यावरची संगणकाशी बोलणारी चिप वेगळ्या जातीची होती, आणि तिचा ड्रायव्हर आमच्या संगणकांत नव्हता. ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. तो घातला आणि सगळे बोर्ड एका ओळीत बोलायला लागले. सरांनी पत्र गुपचूप फाडलं. त्या दिवशी मी डब्यातली भाकरी जरा ताठ बसून खाल्ली, हे कबूल करते.

हे सगळं आधी सांगण्याचं कारण आहे. एवढी जाणकार बाई चुकली कशी, हे पुढचं वाचताना तुम्हाला कळावं.

रेश्मा तिसऱ्या वर्षाला होती. कर्जतच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत एक ठाकूरवाडी आहे, तिथली. बोलायची कमी. हात मात्र असा स्थिर, की तिने केलेला, वितळल्या धातूने तारा जोडणारा सोल्डरचा टाका मी इतर मुलांना दाखवायचे. वाडीची पाण्याची टाकी खाली उतारावर आहे, झऱ्याचं पाणी नळाने तिच्यात येतं. येईल तेव्हा येतं. बाया हंडे घेऊन अर्धा तास उतरायच्या आणि टाकी कोरडी बघून तशाच वर चढायच्या. रेश्माने टाकीत पाण्याची पातळी ओळखणारी पट्टी सोडली आणि तिला बोर्ड जोडला. पाणी आलं की वर वाडीत हिरवा दिवा लागणार, नसेल तर लाल. प्रोजेक्ट म्हणून साधा, पण त्या वर्षीचा सर्वांत चांगला. तो खरोखर कुणालातरी हवा होता.

साजगावच्या एका कारखान्याचे दोन अधिकारी दर वर्षी प्रोजेक्ट बघायला येत आणि त्यातून दोघांना शिकाऊ म्हणून घेत. त्यांची एक रीत होती. तयार प्रोजेक्ट बाजारात विकत मिळतात, म्हणून ते मुलाला समोर बसवत आणि प्रोग्रॅममध्ये एक बदल करून दाखवायला सांगत. ज्याने स्वतः केलंय तो दोन मिनिटांत करतो. विकत आणणारा घाम पुसत बसतो. त्या वर्षी ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होते. रेश्माचा नंबर लागणार, असं सगळेच धरून चालले होते.

खंडेनवमीला प्रयोगशाळेत पूजा असायची, आणि ती माझ्याकडे असायची. टेबलावर पांढरी चादर, त्यावर मीटर, सोल्डरिंगच्या कांड्या, पक्कडी आणि वर्षातले चांगले बोर्ड. मधोमध मी रेश्माचा बोर्ड मांडला. तिचा मान म्हणून. हळद-कुंकू, झेंडू, आणि कुंकवात कालवलेल्या अक्षता. अक्षता टाकताना मी कधी हात आखडला नाही.

पूजा झाल्यावर रेश्मा जवळ आली. "मॅडम, एकदा लावून बघू का? उद्या सुट्टी हाय, परवा साहेब येनार."

"पूजेतलं हत्यार दसरा उलटेपर्यंत उचलत नाहीत गं," मी म्हटलं. "कालपर्यंत चालत होता ना? मग तो काय पळून जातोय?"

ती हसली आणि गेली.

परवा साहेब आले. रेश्माने पट्टी पाण्याच्या बादलीत बुडवली, हिरवा दिवा लागला. वर काढली, लाल लागला. साहेब खूश झाले. म्हणाले, "छान. आता असं कर, टाकी अर्धी भरली की पिवळा दिवा लागू दे." रेश्माने केबल जोडली. संगणक गप्प.

तिने केबल काढून पुन्हा लावली. गप्प. मग मी पुढे झाले. लाल दोऱ्याची केबल लावली, दुसरी खाच बघितली, ड्रायव्हर बघितला, शेजारचा संगणक बघितला. बोर्डावरचा दिवा जळत होता, पण संगणकाला बोर्ड काही दिसत नव्हता. माझी यादी संपली. यादी संपली की दोष बोर्डाचा, हा माझाच नियम.

"संगणकाशी बोलणारी चिप गेली," मी जाहीर केलं. आणि मग सगळ्यांसमोर विचारलं, "टाकीवर घेऊन गेली होतीस ना हा?"

"हो मॅडम. पन डब्यात घालून नेला होता."

"पाणी लागलं असणार."

"नाय लागलं, मॅडम."

"मग काय आपोआप गेला?"

एक साहेब हळूच दुसऱ्याला म्हणाले, "दिवा तर लागतोय. पण प्रोग्रॅम हिचा कशावरून?" ते रेश्माने ऐकलं, मीही ऐकलं.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. कपाटात तसलाच नवा कोरा बोर्ड होता. प्रोग्रॅम रेश्माच्या पेनड्राइव्हवर होता. दहा मिनिटांत तिने तो नव्या बोर्डावर चढवला असता आणि पिवळा दिवाही लावून दाखवला असता. मला ते सुचलं नाही असं मी म्हणू शकते, पण ते खोटं होईल. मला ते पुरतं सुचलं होतं. एक बोर्ड भिजवून घालवला, वर नाही म्हणते, तिला दुसरा कशाला द्यायचा, असं माझ्या मनात आलं. चांगल्या घरातला एखादा मुलगा असता, तर मी इतक्या पटकन पाणी लागलं म्हटलं असतं का? तेव्हा हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

साहेब पुढच्या टेबलाकडे गेले. दोन्ही जागा दुसऱ्यांना मिळाल्या. मी रजिस्टरमध्ये नोंद केली, 'विद्यार्थिनीच्या निष्काळजी हाताळणीमुळे निकामी.' आणि बोर्ड पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात टाकला. त्या डब्यावर मीच कधीतरी 'मृत' असं लिहिलेलं होतं. दिवाळीनंतर रेश्मा कॉलेजात आली नाही. मुली म्हणाल्या, कर्जतच्या एका फार्महाउसवर खोल्या आवरायचं काम करते. मी 'अरेरे' म्हटलं आणि कामाला लागले.

मार्चमध्ये माझी निवृत्ती जवळ आली. सामानाची मोजदाद करून ते दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं होतं. मृतांचा डबा उघडला. त्यातल्या बोर्डांची डोकी बहुधा शाबूत असतात, ती काढून ठेवावीत म्हणून मी एकेक बोर्ड दिव्याच्या भिंगाखाली धरायला लागले. रेश्माचा बोर्ड हातात आला. केबल खुपसायची जी चौकोनी खोबण असते, तिच्यात आत, अगदी तळाशी, काहीतरी लाल दिसलं. चिमट्याने ओढलं. तांदळाचा अर्धा दाणा होता, कुंकू लागलेला.

भोईर मामा शेजारी उभे होते. त्यांनी वाकून बघितलं. "आपलीच अक्षता की वो ही, मॅडम."

केबलच्या तोंडात वीज नेणाऱ्या पट्ट्या किंचित लांब असतात आणि निरोपाच्या किंचित आखूड. आधी पोटोबा, मग विठोबा. अर्ध्या दाण्याने केबल केसभर मागे राहिली. विजेच्या पट्ट्या टेकल्या, दिवा लागला, आणि निरोपाच्या पट्ट्या पोचल्याच नाहीत. एवढासा फरक बोटांना कळत नाही. डोळ्यांना कळला असता, पण माझ्या यादीत 'आधी आत डोकावून बघा' हे कलमच नव्हतं.

मी केबल लावली. 'टुंग' असा आवाज आला.

बोर्डात रेश्माचा प्रोग्रॅम तसाच होता. त्याला पट्टी जोडलेली नव्हती, म्हणजे त्याच्या हिशेबाने पाणी नव्हतं. तपासणीसाठी तिने त्याला दर काही क्षणांनी संगणकाच्या पडद्यावर एक ओळ लिहायला सांगितलं होतं. इंग्रजी अक्षरांत, पण आपल्या बोलीत. पडद्यावर एकाखाली एक ओळी उमटायला लागल्या. 'टाकी रिकामी हाय. खाली येऊ नका.' 'टाकी रिकामी हाय. खाली येऊ नका.' कुठल्या दुकानातल्या तयार प्रोजेक्टमध्ये असली ओळ असते? पाच महिने ती त्या डब्यात पडून होती. मी खुर्चीवर बसले आणि रडले. भोईर मामा दार लोटून बाहेर जाऊन उभे राहिले.

सोमवारी फार्महाउसला सुट्टी असते असं कळलं, म्हणून सोमवारी गेले. कर्जतहून टमटम, पुढे चढण. वाटेत पाचसहा बाया रिकामे हंडे घेऊन वर चढताना भेटल्या. टाकी कोरडी आहे का, हे मला विचारावं लागलं नाही. त्यांच्याबरोबरच चालत मी वाडीत पोचले. रेश्माची आई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती.

"तुमीच का त्या बोर्डाच्या मॅडम?" तिने विचारलं.

"हो."

"बसा." तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. त्या तांब्यातलं पाणी पिणं मला फार जड गेलं.

रेश्मा घरातून बाहेर आली. मी पर्समधून कागदाची पुडी काढली, तिच्या हातावर तो अर्धा दाणा ठेवला आणि जे झालं ते सगळं सांगितलं. पूजेचं, डब्याचं आणि कपाटातल्या कोऱ्या बोर्डाचंही. ते शेवटचं सांगितलं नसतं तर तिला कळलंही नसतं. मी माफी मागितली. वयाने एवढ्या लहान मुलीची माफी मी आयुष्यात पहिल्यांदा मागत होते.

तिने तो दाणा बोटाने उलटवून बघितला. मग म्हणाली, "एवढ्यानं?"

"एवढ्यानं."

"मॅडम, मला सांगून काय उपेग?" तिच्या आवाजात राग नव्हता. "पानी लागलं नाय, ते मला ठावंच होतं. ज्यांना ठाव नाय त्यांना सांगा ना."

मी उतरताना एवढंच डोक्यात घेऊन उतरले. खरं सांगायचं तर मी माझ्या मनावरचं ओझं उतरवायला गेले होते. तिच्यावरचं ओझं उतरवायला मला दुसरीकडे जायला हवं होतं, हे मला त्या पोरीने सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, "अहो, निवृत्तीला पंधरा दिवस राहिलेत. कशाला रजिस्टरातलं जुनं उकरून काढताय?" मी उकरून काढलं. माझ्या जुन्या नोंदीखाली लिहिलं की दोष विद्यार्थिनीचा नव्हता. खोबणीत पूजेची अक्षता अडकली होती, पूजा मी केली होती, चुकीचं निदानही माझंच. खाली पूर्ण सही केली. मग तिच्या वर्गात जाऊन ते मोठ्याने वाचून दाखवलं. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. हसणं रास्त होतं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या केबली तपासणाऱ्या बाईच्या काखेत कळसा सापडला होता.

साजगावलाही गेले. ते साहेब भेटले, त्यांनी चहा पाजला, बोर्ड लावून ती ओळही बघितली. "पोरगी हुशार होती," म्हणाले. पण जागा भरल्या होत्या. पुढच्या वर्षी बघू म्हणाले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी काही बघितलं नाही. चूक कबूल केली म्हणजे ती मागे फिरवता येते असं मला वाटत होतं. तसं नसतं.

रेश्माचं ते वर्ष गेलंच, कारण हजेरी भरली नव्हती. पण जूनमध्ये ती परत आली. माझ्या जागेवर नवीन सहायक आला होता. मी निवृत्त असूनही आठवड्यातून दोनदा जाऊन बसायचे, तिला लागेल म्हणून. तिला फारसं काही लागलं नाही. परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बदल करायला सांगितला, तो तिने त्यांचा चष्मा पुसून व्हायच्या आत केला. आता ती खोपोलीत पंपांचे कंट्रोल पॅनेल दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये काम करते. तिच्याकडे चांगल्या केबलींना निळा दोरा आहे. लाल का नाही, ते मी विचारलं नाही.

गेल्या दसऱ्याला तिचा फोन आला. "मॅडम, टाकीवर पूजा हाय. येता का?" गेले. टाकीशेजारी सिमेंटच्या खांबावर पत्र्याची पेटी बसवली होती, आत तोच बोर्ड, ती कॉलेजात परत आली तेव्हा मी तिला सोपवलेला. वर वाडीत हिरवा दिवा लागलेला खालूनही दिसत होता. बाया नटून आल्या होत्या. कुणीतरी नारळ फोडला. रेश्माच्या आईने पूजेचं ताट माझ्या हातात दिलं. "तुमी करा मॅडम. तुमच्या हातानं होऊ द्या."

रेश्माने पेटीचं झाकण उघडलं. मी हळद-कुंकवाची बोटं पेटीच्या कडेला लावली, सवयीने मूठभर अक्षता उचलल्या आणि हात वर केला. तेवढ्यात तिने आपला तळहात बोर्डाच्या खोबणीवर आडवा धरला.

"फूल वाहा, मॅडम," ती म्हणाली. "तांदूळ नको."

बायांना काही कळलं नाही. मी मुठीतले तांदूळ परत ताटात ठेवले आणि झेंडूचं एक फूल पेटीवर ठेवलं. मग तिने हात काढला.